बाबांच्या काठीचा शेवटचा डबा

जिंतूर,
११ जानेवारी

तीर्थरूप सिद्धोधनदादांस,

धाकट्या बहिणीचा, धम्मशीलाचा, सविनय जयभीम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा डावा गुडघा, तुमची साखर आणि गॅलरीतला कढीपत्ता या तिघांची खुशाली वेगवेगळी कळवावी. गेल्या पत्रात तुम्ही तिघांना मिळून 'ठीक' असा एकच शब्द लिहिला होतात, त्यातून नक्की कोण ठीक आहे ते कळलं नाही. मी फोन न करता पत्र का लिहिते ते तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर माझी दोन वाक्यं होतात न होतात तोच तुम्ही म्हणता, "शीला, मुद्द्यावर ये." (उभा जन्म स्टेशनमास्तरकी केल्यावर माणसाला वाटत असावं, की बायकांच्या बोलण्यालाही वेळापत्रक असतं.) पत्राला मध्येच लाल सिग्नल देता येत नाही. आणि आजचा मुद्दा असा आहे दादा, की त्याच्यावर हळूहळूच आलेलं बरं.

तुमचं पत्र पोचलं. वीस फेब्रुवारीला बाबांचा स्मृतिदिन, आणि या वर्षी बाबांची गळाची काठी माझ्याकडून तुमच्याकडे जायची पाळी, हे माझ्या लक्षात आहे. बाबा गेले तेव्हा तुम्हीच हा नियम केलात, की तीन वर्षं काठी तुमच्याकडे, तीन वर्षं माझ्याकडे. एकेरी लाइनवर ड्रायव्हरला लोखंडी गोळा देतात तशी ती हातातून हातात द्यायची, आणि गोळा ज्याच्या हाती त्याचीच गाडी पुढे. देताना घेताना सोबत जेवायचं, हे नियमात नव्हतं, पण ते दैवशालावहिनींनी घातलं. गेल्या खेपेला वहिनींच्या आजारपणामुळे तुम्ही ती पार्सलने पाठवलीत, ते समजण्यासारखं होतं. आता वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली, आणि या वेळी तुम्ही लिहिता, "माझं येणं जमणार नाही, काठी भूषणबरोबर पाठवून दे." माझा बुद्धभूषण दर महिन्याला ऑफिसच्या कामाला तुमच्या सिकंदराबादेत येतो हे खरं. पण बाबांची काठी म्हणजे काही सोयाबीनच्या तेलाचा डबा नव्हे, की भाच्याने येता येता ठेवून जावा. ते असो. त्याबद्दल नंतर लिहीन.

आधी काठीची खुशाली. काठी सुरक्षित आहे. इतकी सुरक्षित ती माझ्या कपाटावरही नव्हती आणि तुमच्या भिंतीवरच्या काचेच्या पेटीतही नव्हती. आता ती जिथे आहे तिथे धूळ नाही, वाळवी नाही, उंदीर नाहीत, आणि कुणी तिला सहज हात लावू शकेल अशी शक्यता मुळीच नाही. त्यामुळे काळजी नसावी. फक्त मला तुम्हाला एक शास्त्रीय प्रश्न विचारायचा आहे. भरीव बांबूची काठी, तिच्या मुठीजवळ पितळेचं चक्र, चक्रावर दोरा. अशी काठी पाण्यात पडली तर तरंगेल की बुडेल? घाईने उत्तर देऊ नका. मी दिलं होतं.

हा प्रश्न मला का पडला ते सांगते. तुम्ही माझी सून निकिता लग्नात पाहिली, पण नीट पाहिली नाहीत. ती भंडाऱ्याकडची, तलावांच्या मुलखातली. इथे जिंतूरच्या बँकेत नोकरीला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "आई, इथे पाणी कुठे आहे?" मी नळाची वेळ सांगितली. तिला तलाव हवा होता. मग येलदरीचं धरण तिला कळलं, आणि दिवाळीत तिने कयाक नावाची एक होडी मागवली. कयाक म्हणजे भुईमुगाच्या शेंगेसारखी लांबट, पिवळ्या प्लास्टिकची, दोघांची होडी. शेंगेत दोन दाणे बसतात तशी दोन माणसं एकामागे एक बसतात आणि दोन्ही बाजूंनी वल्हं मारतात. पुढचा दाणा निकिता. मागचा दाणा कोण व्हावा, यावर घरात चर्चा झाली. भूषणला पाण्याची भीती. (स्टेशनमास्तरांचा भाचा, गार्डाचा नातू, त्याला रूळ नसलेल्या कुठल्याही वाहनाची भीती वाटते.) शेवटी चौसष्टाव्या वर्षी नारिंगी रंगाचं फुगीर जॅकेट घालून मी मागचा दाणा झाले. पहिल्या दिवशी काठावरच्या शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या.

पण दादा, पाण्यावर बसून पाणी पाहिल्यावर मला काय आठवलं असेल? ही तीच पूर्णा नदी. आपण लहानपणी पूर्णा जंक्शनच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो तेव्हा बाबा गार्डाची ड्यूटी नसली की हीच नदी गाठायचे. मी कॉन्व्हेंटातून सुट्टीला घरी आले की बाबा मला सोबत न्यायचे, गार्डाच्या हिरव्या झेंड्याच्या काठीसारखीच ती गळाची काठी खांद्यावर टाकून. चक्र एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हर साहेबाने नोकरी संपवून जाताना त्यांना दिलेलं. काठी बाबांनी स्वतः भरीव बांबू निवडून, चुलीच्या धगीवर सरळ करून केलेली. ते चक्र फिरताना किर्र असा आवाज करायचं आणि बाबा म्हणायचे, "ऐक, आपली गाडी सुटायली." मला वाटलं, अठरा वर्षं ही काठी कधी भिंतीवर, कधी कपाटावर. तुमच्याकडे द्यायच्या आधी हिला एकदा, एकदाच, तिच्या नदीवर न्यावं. तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून नाही विचारलं. (हे वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिलं आहे.)

आता तुम्हाला अंदाज आलाच असेल, तेव्हा सांगूनच टाकते. चार जानेवारीला, शनिवारी नव्हे, रविवारी, सकाळी साडेआठच्या सुमारास बाबांची काठी येलदरीच्या पाण्यात पडली आणि बुडाली.

कशी पडली हे मात्र नीट ऐकून घ्या, कारण त्यात माझा निष्काळजीपणा नाही, संस्कार आहेत. निकिताने निघण्यापूर्वीच एक नायलॉनची दोरी पुढे केली आणि म्हणाली, "आई, काठी होडीला बांधून ठेवा." मी म्हणाले, "अगं, बांबू आहे. बांबू कधी बुडाला आहे का?" तिने दोरी गुंडाळून पायाशी ठेवली. (चांगली सून आहे, पण एखाद्या वेळी सुनांनी भांडायला हवं.) आम्ही चांगल्या आत गेलो. मी गळ टाकला. चक्र किर्र वाजलं. दादा, मी तुम्हाला काय सांगू! तेवढ्यात समोरून बजरंग आला. बजरंग म्हणजे तिथल्या मच्छीमारांच्या सोसायटीतला जुना माणूस, त्याच्याच परवानगीने आम्ही तिथे जातो. त्याने आपल्या होडीतून आवाज दिला, "नमस्कार हो, मॅडम!" आता कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अगाथांनी आम्हाला आठ वर्षं काय शिकवलं? मोठ्या माणसाने अभिवादन केलं तर हातातलं काम खाली ठेवावं, ताठ बसावं आणि नीट उत्तर द्यावं. आईने काय शिकवलं? नमस्कार एका हाताने करू नये, तो लंगडा असतो. मी काठी मांडीवर आडवी ठेवली, ताठ बसले, आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "नमस्कार बजरंगराव." मांडीवरचं जॅकेट गुळगुळीत. काठी घसरली.

ती लगेच गेली नाही. आधी चक्र गेलं, मग मूठ, आणि काठी पाण्यात सरळ उभी राहिली. मला वाटलं, थांबली. हात पुढे केला तर निकिता ओरडली, "आई, हलू नका!" आयुष्यात पहिल्यांदा सून माझ्यावर ओरडली आणि मी पहिल्यांदा तिचं ऐकलं, नसतं ऐकलं तर शेंग उलटून दोन्ही दाणे पाण्यात. तोवर काठीचं टोक तेवढं वर राहिलं होतं. ते दोनदा डाव्या-उजव्या बाजूला हललं, अगदी गार्ड शेवटच्या डब्यातून झेंडा हलवतो तसं, आणि गेलं. माझे हात परत जोडले गेले होते. बजरंगला वाटलं असेल, बाई फारच नम्र आहेत.

त्याने जवळ येऊन बघितलं, पाण्यात आपला बांबू खुपसला, आणि म्हणाला, "तीस-पस्तीस फूट तरी पानी हाय, मॅडम. खाली चिखल."

मी म्हणाले, "पण बांबू कसा बुडाला हो?"

"भरीव हुता नव्हं? पोकळ बांबू तरंगतुया. भरीव जरा इचार करतुया. आन् तुमी त्याच्या कंबरंला पितळ बांधल्यावर त्यानं इचार करायचं कारनच न्हाई."

मी रडले नाही. निकिताला तसं वाटलं, पण ते वल्ह्यावरचं पाणी होतं. परत येताना मात्र माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बाबा तीस वर्षं ही काठी घेऊन नदीवर गेले. नावेतून गेले, पुलाखालच्या दगडांवरून गेले, पुराच्या पाण्यात गेले. त्यांच्या हातून ती कधीच पडली नसेल? पावसाळ्यात ते स्वतः दोनदा घसरून पडलेले मला आठवतात. मग त्यांची काठी का नाही बुडाली? आणि माझ्या हातून पडली ती पहिल्याच फेरीत तळाला?

तुम्हाला आठवतं का, चौथीत मला निसर्गाच्या वहीवर सोनेरी तारा मिळाला होता? त्या धड्यात दोन रकाने होते. एकात तरंगणाऱ्या वस्तू, दुसऱ्यात बुडणाऱ्या. मी सगळ्या बरोबर लिहिल्या होत्या. पण खरं सांगते दादा, आम्ही एकही वस्तू पाण्यात टाकून पाहिली नव्हती. सिस्टर अगाथांनी फळ्यावर लिहिलं, आम्ही सुबक अक्षरात उतरवलं, फरशी कोरडी राहिली. त्यामुळे चौथीतला तो अभ्यास मी सोमवारपासून हाती घेतला, अंगणातल्या हौदावर. आता काठी तर तळाला, म्हणून तिच्यासारखी दुसरी हवी. शेजारच्या कडूबाईच्या धुणं वाळत घालायच्या भरीव बांबूचा हौदात मावेल एवढा तुकडा मागून आणला, आणि चक्राच्या जागी घरातला पितळी बत्ता बांधला. (निकिता दोन दिवस विचारते आहे, "आई, लसूण कशाने ठेचू?") ही माझी परीक्षेची काठी. हौदात सोडली. बाबांच्या काठीसारखीच गेली, अगदी तश्शी, उभी राहून, मग झेंडा दाखवून. ते पाहून मला पुन्हा एकदा वाईट वाटलं, पण शास्त्रात वाईट वाटून घेत नाहीत.

मग मी तिला एकेक वस्तू बांधायला लागले. पहिली पाण्याची रिकामी बाटली. काठी बुडाली नाही, पण बाटलीला वारा लागून ती हौदभर हिंडायला लागली आणि दोऱ्याचा असा गुंता झाला की तो अजून सुटलेला नाही. मग थर्मोकोल. तो तरंगला, पण सुतळी आवळताच त्याचे दाणे सुटले, आणि हौदावर जणू साबुदाणा भिजत घातला. कडूबाई भिंतीवरून हे सगळं पाहत होती. ती म्हणाली, "मास्तरीणबाई, शाळा सुटली तरी तुमचं शिकनं सुटंना व्हय? काय करायलाव हे?" मी तिला सगळी हकिगत सांगितली. कडूबाई ऐकते कमी आणि मदत लगेच करते. तिने घरातून वाळका भोपळा आणून दिला. "आमची समदी पोरं ह्याच्यावर विहिरीत पवायला शिकली. एक बी बुडलं न्हाई. तुमची काठी तर किती पातळ!"

भोपळा उत्तम. काठी, बत्ता, आणखी एक बत्ता असता तर तोही, सगळं पेललं असतं. पण मी ती काठी हातात धरून उभी राहिले तेव्हा भूषण दारातून आत आला, मला पाहून थबकला आणि म्हणाला, "आई, भजनाला निघालीस का?" खरंच, भोपळा आणि उभा बांबू, अगदी एकतारी. मासे तर येणार नाहीतच, उलट माणसं जमा होतील. त्यानंतर भूषणच्या नव्या हवाई चपलेची पाळी आली. (हे त्याला अजून कळलेलं नाही, तो जोडीतली दुसरी चप्पल कपाटाखाली शोधतो आहे.) तिच्या चार चकत्या कापून, भोकं पाडून काठीत ओवल्या. तरंगली! पण पालथी तरंगली, बत्ता वर आणि शेंडा खाली, शीर्षासन घातल्यासारखी. निकिताचा दोरीचा मार्गही करून पाहिला. दोरी एका टोकाला काठीला आणि दुसऱ्या टोकाला माझ्या मनगटाला बांधली, आणि बत्त्याने मला अर्धी हौदात ओढली. संध्याकाळी बजरंग गळाची खबर द्यायला आला होता, त्याने हे ऐकलं आणि पहिल्यांदा रागावला. "अंगाला दोरी कदीच बांधायची न्हाई, मॅडम. होडीला बांधा. काठी गेली तर काठी जातीया. मानूस न्हाई गेलं पायजे."

(गळाची खबर म्हणजे, विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा तो चार आकड्यांचा लोखंडी गळ घेऊन बजरंग तीन दिवस त्या जागी फिरला. एक जुनी सायकलची ट्यूब, एक तुटकं जाळं आणि कुणाची तरी पितळी घागर निघाली. घागर मी पोलीस पाटलाकडे द्यायला सांगितली. काठी नाही.)

गुरुवारी मी थकले. घरातलं सगळं हौदात घालून झालं होतं. लाटणं, बाटलीचं बूच, भूषणचा क्रिकेटचा चेंडू, वांगं. (वांगं तरंगतं. सिस्टर अगाथांच्या रकान्यात वांगं नव्हतं.) शेवटी शिवणाच्या पेटीतली सुटी रिळं घेऊन बाहेर आले, लाकडी आहेत म्हणून. पेटी उघडताना माझा सुया-टाचण्या खोचायचा गोळा हातातून निसटला आणि हौदात पडला. मी ओरडलेच, कारण त्यात पन्नास-साठ टाचण्या, सात सुया आणि एक सेफ्टी पिन, म्हणजे सगळं पोलाद. हा गेला, असं म्हणेपर्यंत तो वर आला होता. बदकासारखा. टाचण्या चमकवत, एका बाजूला मान टाकून, खुशाल तरंगत होता.

दादा, मी तो गोळा उचलला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. इतकी वर्षं त्यात सुया खोचते आहे, पण तो काय आहे हे मी पाहिलंच नव्हतं. वरचं कापड ओलं झाल्यावर त्याचा खरा रंग दिसायला लागला. शेणासारखा वाटायचा तो हिरवा होता. आत पांगाऱ्याचं लाकूड, हलकं, मऊ, मधोमध अंगठ्याएवढं भोक. आत जाऊन बाबांचा तो फोटो काढला, तुमच्याही घरी आहे तो, नदीच्या काठावरचा, मी फ्रॉकमध्ये आणि बाबा काठी घेऊन. काठीच्या मुठीच्या अगदी शेवटी एक गोळा आहे. तुम्हीही जाऊन पाहा.

मग सगळं आठवलं. जुन्या हिरव्या झेंड्याचं कापड गुंडाळलेला तो गोळा बाबांनी मुठीच्या टोकाला बसवला होता. मी लहान असताना विचारलं होतं, हे कशाला? तर ते म्हणाले होते, "हा गार्डाचा डबा. शेवटी गार्डाचा डबा नसला तर गाडी पुरी होत न्हाई, बाळा." आम्ही दोघं हसलो. मला वाटलं, विनोद. (आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे. ट्रेन मॅनेजरचा डबा, असं बाबांना म्हणताच आलं नसतं.) तो विनोद नव्हता. त्यांनी तुमच्या-माझ्या आधी, कुठल्याही कयाकच्या आधी हा प्रश्न सोडवून ठेवला होता आणि मुलीला समजेल अशा भाषेत सांगितलाही होता.

आणि काठी पहिल्यांदा माझ्याकडे आली त्या वर्षी मी काय केलं? पुसली, तेल लावलं, आणि टोकाचं ते कळकट गाठोडं चाकूने सोडवून काढलं. वस्तू नीटनेटकी दिसली पाहिजे ना! टाकवलं मात्र नाही. बाबांच्या हातचं म्हणून ठेवलं, आणि मऊ आहे म्हणून त्यात सुया खोचल्या. काठी तेव्हापासून तुमच्याकडे गेली, माझ्याकडे आली, पण पाण्यात गेली नाही, म्हणून तिच्यात काय कमी आहे ते कुणालाच कळलं नाही. बजरंगच्या नमस्काराने काठी पडली असेल, दादा, पण बुडवली मी, तेही चौदा-पंधरा वर्षांपूर्वी, चाकूने, स्वच्छतेसाठी. शुक्रवारी मी तो गोळा परीक्षेच्या काठीच्या मुठीला बसवला. हौदात सोडली. काठी खाली गेली, थांबली, आणि टोक वर करून उभी राहिली. बुडाली नाही, हिंडली नाही, उलटली नाही. हात पुढे करावा आणि उचलावी, इतकी सोपी. कडूबाई म्हणाली, "तुमच्या बापाला समजत हुतं म्हनायचं." मी म्हणाले, हो. आणि तिला तिचा भोपळा परत दिला.

तर अशी हकिगत आहे. रागवायचं असेल तर पत्राने रागवा, म्हणजे मला सावकाश वाचता येईल. तब्येत सांभाळा. कढीपत्त्याला ताक घालत जा.

तुमची धाकटी,
शीला

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. बजरंग म्हणतो, धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, "आज जितं तीस फूट हाय, मे म्हैन्यात तितं माझ्या शेळ्या चरतील." जागा त्याने टेकडी आणि पंपघर यांच्या खुणेने धरून ठेवली आहे. तेव्हा या वर्षापुरती काठी द्यायची तारीख वीस फेब्रुवारीवरून मेवर न्यावी ही विनंती. भूषणबरोबर मी चिखलात रुतलेली काठी पाठवू शकत नाही. तुम्हाला स्वतः यावं लागेल. जिंतूरपर्यंत गाडी नाही, पण परभणीला उतरलात की मी एस.टी.ने घ्यायला येईन. सोबत जेवायचं. वहिनींच्या हातची आंबट वरणाची आमटी मला येते, तुम्ही कधी विचारलं नाहीत.

आणखी एक ता. क. बाबांचे झेंडे तुमच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. येताना हिरव्या झेंड्याची वीतभर पट्टी कापून आणा. या गोळ्यावरचं कापड टाचण्यांनी चाळणीसारखं झालं आहे. लाल नको.

शेवटचा ता. क., सोळा जानेवारी. हे पत्र पाकिटात घालून पोस्टात टाकायला निघाले, तर दारात बजरंग उभा. हातात काठी! काल तळाला सोडलेल्या त्याच्या जाळ्यात तिचा गळ अडकला होता. पितळ काळं पडलं आहे, दोरा कुजला आहे, बाकी काठी तशीच. मी चक्र फिरवलं. थोडं अडलं, चिखल गळून पडला, आणि मग किर्र वाजलं. दादा, तुम्ही इथे हवे होतात.

कायद्याने आता हे पत्र फाडायला हवं आणि काठी भूषणबरोबर वीस फेब्रुवारीला पाठवायला हवी. पण मग तुम्ही येणार नाही. म्हणून असं करू: हा ता. क. तुम्ही वाचलेलाच नाही. काठी अजून पाण्यातच आहे. तुम्ही मेमध्ये या, आपण दोघं निकिताच्या होडीत बसू (पुढचा दाणा तुम्ही), आणि बजरंगच्या खुणेच्या जागेजवळ, जिथवर पाणी राहिलं असेल तिथे जाऊ. तो आदल्या दिवशी काठी तिथे सोडून ठेवेल, शेवटचा डबा लावून, म्हणजे टोक वर राहील आणि तुम्हाला ती लांबूनच दिसेल. दिसली की मोठ्याने "अरे!" म्हणा. तुम्हाला नाटक जमत नाही, म्हणून आतापासून सराव करा. आणि त्या आनंदात कुणी काठावरून नमस्कार घातला, तर एकाच हाताने करा.